डाव्या गालाचा फोटो

९ नोव्हें., रवि.
घोडबंदरला जाऊन आलो. तीन महिन्यांनी. लेकीचं घर, पण आधी फोन करून "आलो तर चालेल ना" विचारावं लागतं. सव्वा तास ट्रॅफिकमध्ये. सुनंदा बेसनलाडवांचा डबा मांडीवर धरून बसलेली, जसं काही कोणी पळवणार.

नात, ओवी, सहा पूर्ण झाली. तिच्या गालावर रुपयाएवढा पांढुरका चट्टा आलाय. सु. दारातच म्हणाली, "जंत झालेत पोरीला." केतकी म्हणाली, "आई, आल्या आल्या नको सुरू होऊस. गुरुवारी डॉक्टरकडे नेतेय."

जेवणं झाल्यावर ओवी अल्बम घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. केतकीच्या लहानपणचा. फोटो मीच काढलेले, मीच चिकटवलेले. आई दोन वर्षांची, आई बालवाडीत, आई पहिलीत. सगळे नीट बघून झाल्यावर विचारते,

"आजोबा, आईच्या गालावर डाग कधी आला?"

"जन्मापासून आहे की गं."

"खोटं. ह्याच्यात कुठेय? ह्याच्यात दाखवा. ह्याच्यातपण नाही."

केतकीच्या डाव्या गालावर डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत लासं आहे, दुधाच्या चहाच्या रंगाचं. आणि त्या अल्बमातल्या एकाही फोटोत ते नाही. मीच ठेवलं नाही.

"मोठी झाल्यावर आला ना? आधी असा छोटा आलेला ना?" असं म्हणून तिने स्वतःच्या गालावर बोट ठेवलं.

केतकी किचनच्या दारात उभी होती. सगळं ऐकलं तिने. निघताना जावई, निखिल, खाली रिक्षापर्यंत सोडायला आला. ती आली नाही.

१० नोव्हें., सोम.
स्टुडिओ अकराला उघडला. कोपरीत आता फोटो काढायला येतं कोण. पासपोर्टवाले, नाहीतर गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून घेणारे.

सकाळी एक बाई आल्या, पन्नाशीच्या. दोन्ही गालांवर नि नाकावर वांग. स्टुलावर बसायच्या आधीच म्हणाल्या, "दादा, हे वांग तेवढं काढाल ना?" सवयीने पाकिटावर 'सा.' लिहिलं. सा. म्हणजे साफ. चाळीस वर्षं हेच. तीळ, चामखीळ, मुरुमांचे खड्डे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळ्याला एकच औषध. मग लक्षात आलं, पासपोर्टचा फोटो आहे, ह्यात चेहऱ्याला हात लावायचा नाही. तसं सांगितलं तर हसल्या. "जाऊ द्या. मुलाकडेच चाललेय. त्याने वांगासकटच बघितलंय मला."

'सा.' खोडला. 

दुपारी केतकीचा फोन. ती मला फोन करत नाही, आईला करते.

"बाबा, एक काम आहे. माझा लहानपणचा एक फोटो हवाय. डागासकट. ओवीला दाखवायचाय. रोज उठल्या उठल्या आरशात गाल बघते ती. आज गालावर पावडर थापून शाळेत गेली."

"बघतो," म्हटलं.

"बघतो नको, बाबा. शोधा."

ठेवला. आमच्या घरात मी 'बघतो' म्हटलं की ते काम होत नाही, हे तिला लहानपणापासून पाठ आहे.

१२ नोव्हें., बुध.
कपाटातले सगळे अल्बम काढून पलंगावर मांडले. सहा. सु. भाजी निवडता निवडता म्हणाली, "काय शोधताय? तुम्हीच काढलेत ना? त्यात काय आहे नि काय नाही, ते तुम्हालाच माहीत."

माहीत आहे. तरी शोधतोय. गाढवपणा, दुसरं काय.

बहुतेक फोटोत केतकी उजवीकडे बघतेय, म्हणजे डावा गाल पलीकडे. "केतू, माझ्या उजव्या हाताकडे बघ. अजून थोडं. हं, बस्स." समोरून काढायचा असला तर आधी पॅनकेक, म्हणजे डाग झाकणारा जाड मेकअप. सु.च्या स्पंजने थापायचो. पोर गुदगुल्या होतात म्हणून हसायची. त्यातूनही कड दिसली तर प्रिंटवर बारीक ब्रश. पुढे कॉम्प्युटर आला, मग काय, दोन मिनिटांचं काम. आणि साफ केलेला फोटो मूळ फोटोवरच सेव्ह करायचो. मूळ ठेवायची गरजच कधी वाटली नाही.

केतकी झाली तेव्हा माझी आई सगळ्यांना सांगत सुटलेली, "हिने ग्रहणात भाजी चिरली असणार." सु. महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपायची. डॉक्टर म्हणालेले, "नुसतं लासं आहे. निरुपद्रवी. मुलगी वाढेल तसं वाढेल, बाकी काही नाही. विसरून जा." आईला मी एका शब्दाने बोललो नाही. बारशाचा फोटो तेवढा साफ केला.

१४ नोव्हें., शुक्र.
केतकीचा मेसेज. काल डॉक्टरकडे जाऊन आल्या. ओवीचा चट्टा कोरड्या कातडीचा आहे. लहान मुलांना होतो, थंडीत जास्त दिसतो, आपला आपण जातो. जंत नाहीत, कोड नाही, आईच्या डागाशी काही संबंध नाही. लावायला साधं मलम.

खाली लिहिलंय: ओवीने डॉक्टरना विचारलं, तुम्ही आईचे फोटो बघितलेत का? तिला पटलेलं नाही. फोटो मिळाला का?

सु.ला वाचून दाखवलं. जंतांचं ऐकून तिचं तोंड पडलं.

१५ नोव्हें., शनि.
ठाकुर्लीला मेहुण्याकडे, विजयकडे. एकाएकी आठवलं, त्याने तेव्हा स्वतःचा छोटा रोलचा कॅमेरा घेतलेला. केतकीचा पाचवा वाढदिवस त्याच्याच घरी केलेला. म्हणजे माझ्या कॅमेऱ्याबाहेरचे फोटो असणार! सकाळी नाश्ता न करता निघालो.

विजयने अल्बम काढून दिला. केक, फुगे, शेजारची पोरं. केतकी आहे, पण पाठमोरी, नाहीतर कोणाच्या तरी मागे.

"समोरून नाही रे काढला एकपण?"

"काढलेले ना, दाजी. केक कापताना दोन. पण रोल धुवायला तुमच्याकडेच दिलेला. छत्तीसातले चौतीस आले. तुम्ही म्हणालात दोन हललेत."

त्याने सहज सांगितलं. त्याच्या बायकोने चहा नि दिवाळीतल्या उरलेल्या चकल्या आणून ठेवल्या. 

घरी येऊन माळ्यावरचा बिस्किटांचा डबा काढला. विजयच्या रोलची निगेटिव्ह सापडली, पाकिटावर माझंच अक्षर. पट्टीत मध्येच दोन चौकटी नाहीत. कात्रीने सरळ कापलेल्या.

हलले नव्हते. मला चांगलं आठवतंय. केतकी गालभर क्रीम लावून खदखदून हसत होती आणि लासं स्पष्ट दिसत होतं. फार छान फोटो होता तो.

घरातल्या सगळ्यांचे रोल माझ्याच हातातून गेले. बहिणीचे डोंबिवलीहून, मेहुण्याचे ठाकुर्लीहून. "घरचा फोटोग्राफर असताना बाहेर कशाला द्यायचं," म्हणायचे सगळे. बाहेर दिले असते तर आज एक तरी सापडला असता.

२० नोव्हें., गुरु.
चार दिवस लिहिलं नाही. केतकीला "शोधतोय" एवढंच कळवलं.

लिहायचं टाळतोय ते लिहून टाकतो. सु. म्हणते, बोलायचं तिथे बोलत नाही नि वहीत लिहीत बसता. बरोबर आहे तिचं.

केतकी तिसरीत असेल. शाळा सुटली की स्टुडिओत येऊन गृहपाठ करायची. शोकेसमध्ये तिचा मोठा फोटो लावलेला, अर्थात साफ केलेला. तिच्या वर्गातल्या मुली काचेला नाक लावून विचारायच्या, "ही तुझी बहीण का गं?" एक दिवस मी ब्रशने प्रिंट करत होतो, ती टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, फोटोतला काढता तसा खऱ्यातलापण काढा ना." गाल पुढे केला. डोळे मिटून.

मी हसलो. हसलोच. गिऱ्हाइकाला पण सांगितलं, "बघा, काय म्हणतेय आमची."

पुढे चोविसाव्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात. बायोडेटावरचा फोटो कोण काढणार? मीच. कल्याणची माणसं आली, मुलगा बँकेत, साधी माणसं होती. केतकी पोहे घेऊन बाहेर आली. मुलाची आई एकदा तिच्याकडे, एकदा हातातल्या कागदाकडे बघत राहिली. मग हळूच मला म्हणाली, "हा फोटो दुसऱ्या कोणाचा आलाय का चुकून?"

भांडण नाही, अपमान नाही. पोहे खाऊन, नमस्कार करून गेले. म्हणाले, डागाचं काही नाही हो, पण लपवलंत कशाला. केतकी मला एवढंच म्हणाली, "मी काही लपवलं नव्हतं, बाबा. मला खोटारडी तुम्ही केलंत." त्या दिवसानंतर स्टुडिओत पाऊल टाकलं नाही. अकरा वर्षं झाली.

निखिल तिच्या ऑफिसातला. त्याने तिला रोज कँटीनमध्ये समोर बसून बघितलेलं, फोटोत नाही. लग्न ठरलं तेव्हा तिने सु.कडून निरोप पाठवला: बाबांनी यायचं, कॅमेरा आणायचा नाही. ठाण्यातल्या अर्ध्या लोकांची लग्नं मी काढलेली. पोटच्या पोरीच्या लग्नात हात मागे बांधून उभा होतो.

२२ नोव्हें., शनि.
सु.ने ट्रंकेतून प्रसूतिगृहाचं कार्ड काढून दिलं. त्यावर केतकीच्या पायाचा शाईचा ठसा, वजन, आणि डॉक्टरांच्या अक्षरात: डाव्या गालावर जन्मखूण. म्हटलं झालं काम! शिक्क्यासहित पुरावा.

व्हिडिओ कॉलवर ओवीला दाखवलं. तिने नीट बघितलं.

"ह्याच्यात तर पायच आहे, आजोबा."

२४ नोव्हें., सोम.
आज केलं. करू का नको करत दुपारी तीनला कॉम्प्युटर लावला.

केतकी पाच वर्षांची, लाल फ्रॉक, सरळ समोर बघतेय. पॅनकेकवाला फोटो. स्कॅन केला. मग तिच्या गालावर लासं घालायला बसलो. वाटलेलं, आकार आठवणार नाही. कसलं काय. हाताला सगळं पाठ. डोळ्याखाली अर्धगोल, मध्ये जरा आत गेलेलं, नाकाच्या बाजूला दोन ठिपके सुटे, खाली जबड्याशी फिकं होत गेलेलं. इतक्या वेळा पुसलंय की माझ्याइतकी ती कड जगात कोणाला माहीत नसेल, केतकीलाही नाही.

दीड तासात झालं. सु.ला बोलावलं. चष्मा लावून बघत राहिली. मग पदर तोंडाला लावला. "अगदी अशीच होती हो," म्हणाली. "अशीच होती माझी केतू."

मलाही रडू आलं. पोरगी इतकी गोड दिसत होती. मी काय लपवत होतो एवढी वर्षं?

२५ नोव्हें., मंगळ.
फोटो केतकीला पाठवला. पाठवण्याआधी सु.ला विचारलं. म्हणाली, "द्या. पोरीच्या जिवाला घोर लागलाय तो तर जाईल. खोटं कुठेय त्यात? होतंच की लासं."

दोन मिनिटांत फोन. आवाज वेगळाच. "बाबा! कुठे मिळाला?"

तेव्हाच सांगायचं होतं. तोंडातून आलं, "माळ्यावर. बिस्किटांच्या डब्यात."

"मला माहीतच नव्हतं असा काढलेला. थँक यू, बाबा." पाठीमागे ओवी ओरडत होती, "आईला होता! आईला आधीपासून होता!"

थँक यू शेवटचं कधी म्हणाली होती आठवत नाही.

२७ नोव्हें., गुरु.
केतकीने व्हॉट्सॲपला तो फोटो लावलाय, डीपी. निखिलने फ्रेम करायला टाकलाय म्हणे. ओवी पावडर न लावता शाळेत जाते. रविवारी सगळे येतायत कोपरीला. केतकीने स्वतः विचारलं, "बाबा, स्टुडिओ उघडा असेल ना?"

सु. खूष. पुरणपोळ्या करणार. मी सकाळपासून स्टुडिओतली धूळ पुसतोय. आनंद व्हायला पाहिजे. होतोयही. पण डीपी बघितला की मोबाइल पालथा ठेवतो.

३० नोव्हें., रवि.
केतकी अकरा वर्षांनी स्टुडिओची पायरी चढली. निखिल गाडी लावायला गेलेला, ओवी सु.बरोबर समोरच्या दुकानात. आम्ही दोघंच. तिने पडदा बघितला, स्टूल बघितलं, ड्रॉवरमधला स्पंज उचलून परत ठेवला. मी समोरच्या टपरीवरून चहा मागवला.

मग म्हणाली, "बाबा, मी त्या फोटोचा फार विचार केला. त्यात मी सरळ बघतेय. पॅनकेक नाही, मान वळवलेली नाही. म्हणजे एकदा तरी तुम्ही मला आहे तशी बसवलंत. एकदा तरी तुम्हाला वाटलं असेल ना, की असू दे."

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. हसत होती.

गप्प बसलो असतो तर लेक परत मिळाली असती. खरंच मिळाली असती. पण जे मी कधी केलंच नाही त्याच्या जोरावर ती मला माफ करत होती. ते कसं घेणार?

"केतू, तो मी बनवलाय."

"म्हणजे?"

"डाग आत्ता घातलाय. गेल्या सोमवारी. खालचा फोटो पॅनकेकवालाच आहे."

ती माझ्याकडे बघेना. कॉम्प्युटरच्या बंद स्क्रीनकडे बघत राहिली. "छान बनवलाय," एवढंच म्हणाली. बाहेर जाऊन ओवीला हाक मारली. निखिल गाडी लावून येत होता, त्याला परत फिरवलं. ओवी विचारत होती, "पुरणपोळी?" चहा तसाच राहिला.

सु. दारात उभी. तिने मला काही विचारलं नाही, म्हणजे तिला कळलं.

१ डिसें., सोम.
डीपी काढला. आता तिथे नुसता गोल आहे.

सु. सकाळभर भांडी आपटत होती. "सांगायची काय गरज होती? सत्यवान! इतकी वर्षं खोटं चाललं, अजून एक नसतं चाललं?" दुपारी चहा देताना म्हणाली, "पण बरं केलंत." मग परत म्हणाली, "नाहीतर नको होतं सांगायला." तिलाच कळेना. मलाही नाही कळत.

५ डिसें., शुक्र.
केतकीचा फोन. ऑफिसमधून बोलावं तशी बोलली. "ओवीला मी काही सांगितलेलं नाही. रोज फोटो मागते. तुम्ही येऊन सांगा. केलंय तुम्ही, सांगायचंपण तुम्ही."

"येतो," म्हटलं. बघतो नाही म्हटलं.

७ डिसें., रवि.
एकटाच गेलो. सु. म्हणाली, तुमचं तुम्ही निस्तरा.

दोन्ही प्रिंट नेलेल्या. ओवीला डायनिंग टेबलाशी बसवलं आणि शेजारी शेजारी ठेवल्या. केतकी पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. निखिल आत गेला, मुद्दामच असणार.

सांगितलं. आईला डाग जन्मापासून आहे. मी फोटोतून तो पुसायचो. मग ह्या फोटोत परत काढला, तुला दाखवायला. खरा फोटो एकही नाही, कारण मी एकही ठेवला नाही.

ती एकदा हा, एकदा तो बघत राहिली.

"सगळे पुसले?"

"सगळे."

"का?"

पूर्ण रस्ताभर उत्तर घोकत गेलेलो. लोक नावं ठेवायचे. पणजी टोमणे मारायची. आजीला वाईट वाटायचं. तेव्हा तशीच पद्धत होती. सगळं खरं आहे. पण समोर ते पोर बसलेलं, गालावर तो चट्टा, नि घड्या घालणारे हात थांबलेले.

"मला लाज वाटायची," म्हटलं.

"आईची?"

"हो."

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा बोललो. वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. सु.ची ढाल, माझ्या आईची ढाल, लोकांची ढाल. मला लाज वाटायची. सगळ्या ठाण्याचे चेहरे मी साफ करून देतो आणि माझ्याच घरात हे, असं वाटायचं. ती स्टुडिओत यायची तेव्हा गिऱ्हाइकाच्या आधी माझी नजर तिच्या गालावर जायची.

ओवी जरा विचार करून म्हणाली, "मग माझा जाणार. आईचा वेगळा आहे." तिचं तेवढ्यावर भागलं. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही आईला सॉरी म्हटलंत?"

"ओवी, जा, हात धुऊन ये," केतकी म्हणाली.

मी केतकीकडे वळलो. तोंड उघडलं. तोवर तिने घड्यांचा ढीग उचलला आणि आत गेली. बेडरूमचं दार लोटलं. लावलं नाही, नुसतं लोटलं. मी दारापाशी जाऊन उभा राहिलो, मग चपला घातल्या.

आत का नाही गेलो?

१० डिसें., बुध.
सॉरी मेसेजवर लिहिलं, पुसलं. मेसेजवर काय. हे काय वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत?

११ डिसें., गुरु.
फोन आला, ओवीचा. आईच्या मोबाइलवरून, आईला विचारून. "आजोबा, आमचा दोघींचा खरा फोटो काढा. पुसायचा नाही. रविवारी येतो." मागून केतकीचा आवाज आला नाही, पण फोन तिनेच हातात धरला असणार.

१४ डिसें., रवि.
आल्या. दोघीच.

ड्रॉवरमधले पॅनकेक, स्पंज, जुने ब्रश मी कालच कचऱ्यात टाकलेले. केतकीने ड्रॉवर उघडून बघितला. आणि बंद केला.

ती येऊन बसायच्या आत म्हटलं, "केतू, चुकलं माझं. फार चुकलं." घाईघाईत म्हटलं, लेन्स पुसता पुसता. असं नव्हतं म्हणायचं. ती म्हणाली, "फोटो काढा, बाबा."

ओवी मांडीवर. तिचा चट्टा फिकट होत आलाय, माहीत नसेल तर दिसणार नाही. लाइट लावले. कॅमेऱ्यातून बघितलं. डावा गाल पूर्ण उजेडात, लासं पूर्ण. मोठं झालंय तिच्याबरोबर, खालचं टोक आता मानेकडे वळलंय. हे मला माहीतच नव्हतं. इतक्या जवळून अकरा वर्षांत बघितलं कुठे होतं.

म्हटलं, "केतू, समोर बघ."

बघितलं तिने. आणि मी बटण दाबणार तेवढ्यात मान माझ्या उजव्या हाताकडे गेली.

"समोर बघ ना, आई!" ओवी.

परत. परत तेच. पाच-सहा वेळा झालं. दर वेळी सरळ बसायची, श्वास घ्यायची, आणि क्लिकच्या क्षणाला मान आपोआप वळायची. शेवटी तिला हसू आलं नि रडूही आलं. "नाही होत, बाबा. तुम्ही समोर असलात की नाही होत." रागाने नाही म्हणाली. राग परवडला असता.

निखिल काढतो तेव्हा बघते म्हणे सरळ.

शेवटचा फोटो प्रिंट करून दिला. ओवी सरळ बघतेय, केतकी उजवीकडे. अर्धं लासं दिसतंय. काही साफ केलं नाही. मूळ फाइल तशीच ठेवली, एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक सु.च्या मोबाइलवर. पाकिटावर काय लिहायचं सुचेना, नुसती नावं लिहिली.

रिक्षापर्यंत सोडायला गेलो. म्हटलं, "पुढच्या रविवारी येशील? परत करून बघू."

"बघू," म्हणाली. रिक्षा सुटली.

आमच्या घरात 'बघतो' म्हणजे नाही. तिच्या घरात 'बघू' म्हणजे काय असतं, ते मला माहीत नाही.